मोह कोणता? : लोकगीतांतील प्याल्याचा अर्थ
गेल्या कार्तिकी एकादशीस आमच्या मानवत गावी मारुतीच्या देवळात एकतारीवर भजन चालले होते. नववीत शिकणारा नातू शेजारी बसला होता. भजनात गुरूने पाजलेल्या प्याल्याचे आणि एकदा चढला की न उतरणाऱ्या कैफाचे वर्णन आले. गाणारे सर्व माळकरी. दारूच्या वाऱ्यास उभे न राहणारे. नातू कानाशी लागून म्हणाला, “आबा, हे तर दारूचंच गाणं झालं! देवळात कसं चालतं?” घरी गेल्यावर सांगतो, असे म्हणून मी त्यास गप्प केले. नंतर सांगितलेही. परंतु सांगता सांगता असे ध्यानी आले की, या प्रश्नाचे जे उत्तर मला चाळीस वर्षांपूर्वी मुखोद्गत होते ते अर्धेच होते, आणि त्या अर्ध्या उत्तरापायी माझ्या हातून एक अनुचित गोष्ट घडून गेली होती. ती यथाक्रम पुढे येईल.

प्रथम ते मुखोद्गत उत्तर. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास ते सुचावयास विलंब लागत नाही. ऋग्वेदाचे संपूर्ण नववे मंडल, म्हणजे एकशे चौदा सूक्ते, सोमाच्या स्तुतीस वाहिलेले आहे. आणि त्याच ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ वरुणापुढे अपराधाची कारणे सांगताना क्रोध, द्यूत यांच्या पंक्तीस सुरेला बसवितो. सोम आणि सुरा यांतील हे अंतर वेदकाळापासूनचे आहे. पुढे योगमार्गीयांनी तर पानाची कल्पना सर्वस्वी देहाच्या आत नेली. स्वात्मारामाच्या हठयोगप्रदीपिकेतील तिसऱ्या उपदेशात ‘अमरवारुणी’ प्राशन करण्याची आज्ञा आहे. ती वाचून सोवळा वाचक दचकतो न दचकतो तोच ग्रंथकार स्वतःच उलगडा करतो की, जिव्हा उलटून टाळूत नेली असता चंद्रस्थानातून जो रस स्रवतो तीच ही वारुणी. आपल्या ज्ञानेश्वर महाराजांची परंपरा नाथांची. परंतु ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायारंभी तोच चंद्रामृताचा रस येतो तो मद्य होऊन येत नाही, तर गुरुकृपारूपी माउलीने पाजलेले सतराव्या कलेचे स्तन्य होऊन येतो. नाथांच्या वारुणीचे ज्ञानदेवांनी दूध केले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. 

कबीराने मात्र मद्याला मद्यच राहू दिले. गूळ, मोहफुले, भट्टी, कलाल ही सारी सामग्री त्याच्या पदांत जशीच्या तशी आहे. ज्ञान, ध्यान आणि भक्ती यांनी ती आसवे सिद्ध होतात, एवढाच काय तो फेर. आपल्याकडील एकतारी भजनांत प्याला आला आहे तो बहुतांशी या कबीरपंथी वाटेने आला आहे. आणि काही अंशी सूफी वाटेनेही. ‘प्याला’ हा शब्दच मुळी फारशी, आणि ‘कैफ’ अरबी. औरंगाबादेच्या सिराजसारखा कवी अठराव्या शतकात याच प्रदेशात होऊन गेला. परभणीस तुराबुल हक शाह यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, तेव्हा कव्वालीत साकी आणि प्याला यांची रेलचेल असते, आणि ऐकणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. तेथे प्याला म्हणजे ईश्वरप्रेम आणि साकी म्हणजे गुरू, हे कोणास समजावून द्यावे लागत नाही.

येथपर्यंत नातवाचे समाधान झाले. माझेही १९८४ सालापर्यंत असेच समाधान होते.

त्या वर्षी वैशाखात आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न घरीच होते. मी नुकताच शाळेत लागलो होतो. संस्कृताची गोडी होती, आणि लोकगीते लिहून घेण्याचाही छंद जडला होता. त्यासाठी एक जाड पुठ्ठ्याची वही केली होती. गावात पिठाच्या गिरण्या कधीच्या आल्या होत्या, तथापि लग्नाचा घाणा भरावयाचा, डाळ भरडावयाची, घरची हळद दळावयाची ती जात्यावरच, असा आमच्या काकूंचा नेम होता. या कामास एक बाई तीन दिवस येत होत्या. वय पस्तिशीचे असेल. आवाज किंचित बसका, परंतु ओवीचा तिसरा चरण लांबवून चौथ्यावर अचूक पडणारा. घाण्याच्या ओव्या झाल्यावर, काम एकटीचे राहिले म्हणजे, त्या स्वतःची गाणी म्हणत. मी ओसरीवर बसून ती टिपून घेत असे.

त्यांपैकी एका मालिकेने मी हर्षभरित झालो. तिच्यात ‘मोह’ घरात शिरतो. गळ्यातील सरी नेतो, हातांतील गोठ नेतो. कणगीतले दाणे त्याच्या पोटात जातात. डोंगरावर तो फुलतो आणि इकडे चूल विझते. एका निरक्षर बाईच्या मुखी इतके सुबक रूपक! मी वहीत ताबडतोब टीप लिहिली : मोह म्हणजे अविद्या, सरी आणि गोठ म्हणजे विवेक आणि वैराग्य, कणगी म्हणजे पूर्वपुण्याचा संचय, विझलेली चूल म्हणजे शांत झालेला ज्ञानाग्नी. डोंगर कोठे बसवावा हे नीट सुचेना, तेव्हा तो अहंकाराचा असावा असे ठरविले. त्या रात्री ती टीप मी दोघा पाहुण्यांना वाचूनही दाखविली, व त्यांनी माना डोलविल्या.

तिसऱ्या दिवशी सायंकाळी बाईंचा नवरा मजुरी न्यावयास दाराशी आला. घरातील देण्याघेण्याचा हिशेब मजकडे होता. रीतीप्रमाणे मी तीन दिवसांचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले, वर लग्नाचे म्हणून पाच रुपये अधिक दिले. बाई मागे जात्यापाशी पीठ झाडीत होत्या. त्यांनी वर पाहिले, एवढे मला आठवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू म्हणाल्या, “अरे, पैसे त्याच्या हातात कसे रे दिलेस? तीन दिवस ती जात्यावर काय सांगत होती, ते कानांवर पडलं नाही का तुझ्या?”

“मोहाचं गाणं होतं ते, काकू. मी सगळं लिहून घेतलं आहे.”

“मोहाचंच,” काकू म्हणाल्या, “पण झाडाच्या.”

त्या माउलीस संस्कृताचा गंध नव्हता, आणि मला अमरकोश पाठ होता. लाज वाटावी अशी गोष्ट ही की, वनौषधिवर्गात मधूक वृक्षाची नावे आहेत, ती मी लहानपणी शेकडो वेळा घोकली होती. ‘गुडपुष्प’ हे त्यांतलेच एक. ‘वानप्रस्थ’ हेही त्याच झाडाचे नाव आहे, हे वाचून मौज वाटेल. मधूक शब्दाचे प्राकृतात महुअ झाले, हिंदीत महुवा, आणि मराठीत मोह. अविद्येचा मोह ‘मुह्’ धातूपासून. या झाडाचा मोह ‘मधु’पासून. दोहोंचे एकमेकांशी काही नाते नाही. उच्चार एक झाला एवढेच. आणि ओवी ही ऐकण्याची वस्तू असल्यामुळे तिला शब्दाखाली व्युत्पत्ती लिहून देण्याची सोय नसते. ऐकणारा आपल्या घरचा अर्थ तिच्यात घालतो. माझ्या घरचा अर्थ वेदान्ताचा होता.

मोह वृक्ष ठाऊक नसलेल्या शहरी वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. फाल्गुन-चैत्रात हा वृक्ष फुलतो. फुले मांसल, गोड, फिकट पिवळसर. पहाटे आपोआप गळतात. ती वेचण्याचे काम बहुधा बायका आणि मुले करतात. वाळविलेली फुले वर्षभर टिकतात. टंचाईच्या काळी गरिबांनी ती शिजवून व पिठात मिसळून खाल्लेली आहेत, आणि बियांचे तेल निघते ते वेगळेच. हीच फुले पाण्यात भिजत घालून आंबविली आणि तो रस भट्टीवर चढविला म्हणजे मोहाची दारू होते. तेव्हा जे फूल पहाटे बायकोच्या हातांनी वेचले जाते तेच पुढे सायंकाळी नवऱ्याच्या घशाखाली उतरते. गाण्यात ‘डोंगरावर फुलतो’ हे आले ते यामुळे. त्यात अहंकाराचा काही संबंध नव्हता.

मराठवाड्यातील गाण्यांत मोहाच्या बरोबरीने शिंदी येते आणि कलालही येतो. शिंदीच्या झाडाला खाच पाडून रात्री मडके बांधतात. पहाटे उतरविलेला रस गोड असतो, आणि ऊन चढेल तसा तो आंबत जातो. कलाल हा शब्द संस्कृत ‘कल्यपाल’ याचा वंशज. कल्य म्हणजे मद्य. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यात आबकारी हे उत्पन्नाचे एक मोठे साधन होते. दारूशिंदीचे गुत्ते लिलावाने दिले जात. गुत्तेदाराने लिलावात मोजलेला पैसा परत यावयाचा तो अखेर पिणाऱ्याच्या घरातूनच. आणि पिणाऱ्याच्या घरी रोकड नसली म्हणजे दाणे, भांडी, चांदी, जे असेल ते. सरकारी दफ्तरात हे ‘उत्पन्न’ म्हणून नमूद होई. त्याच हिशेबाची दुसरी बाजू जात्यावर गायिली जात होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

काकूंनी कान उपटल्यानंतर मी वहीतील सर्व गाणी पुन्हा वाचली, आणि पुढील अनेक वर्षे जेथे जेथे प्याला भेटला तेथे थांबून पाहू लागलो. एक साधी कसोटी हाती लागली, ती सांगतो. प्याल्याचे मोल काय मागितले आहे ते पाहावे. कबीराचा कलाल प्याल्याच्या बदल्यात पिणाऱ्याचे शीर मागतो. सूफी प्रेमिकही सर्वस्व देतो, परंतु ते त्याचे स्वतःचे असते. ओवीतल्या कलालाला शीर नको असते. त्याला सरी, गोठ, काशाची परात, एखादे वासरू चालते. आणि ही वस्तू पिणाऱ्याची नसते, गाणारीची असते. जेथे मोल दागिन्याचे आणि दाण्याचे आहे तेथे वेदान्त बाहेर ठेवून आत जावे.

यालाच जोडून दुसरी खूण व्याकरणाची आहे. शाळामास्तराच्या नजरेस ती न पडती तरच नवल. भजनात पिणारा ‘मी’ असतो, प्रथमपुरुषी. स्त्रियांच्या ओवीत पिणारा जवळजवळ नेहमी तृतीयपुरुषी. आणि जी ‘मी’ आहे तिने थेंबही घेतलेला नसतो. कैफ एकाला आणि शुद्ध दुसरीला, अशी ती रचना असते. लावणीतले डोळ्यांचे प्याले आणि रूपाची नशा यांविषयी येथे लिहीत नाही. तो नागर दरबारी थाट आहे, त्याचा अर्थ कोणालाही लागतो, आणि तो लावण्यासाठी माझ्यासारख्याची गरज नाही.

कोणी म्हणेल, जात्यावरच्या गाण्यात अध्यात्म नसतेच काय? असे कसे म्हणावे? आमच्याच जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईंचे जन्मगाव. तिच्याबरोबर विठ्ठल दळू लागतो, ही कथा महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर नसेल. परंतु रूपकाने दळणाचा अर्थ लावण्याची हौस ही पुष्कळदा जात्याबाहेर बसलेल्यांची असते. याचे एक उत्तम उदाहरण दख्खनी भाषेत आहे. विजापूरकडील सूफींनी दळणाऱ्या बायकांसाठी ‘चक्कीनामा’ नावाची गीते रचली. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ हे अक्षर, म्हणजेच अल्ला, अशा रीतीने एकेका अवयवाला अर्थ दिलेला असतो. रिचर्ड ईटन या अमेरिकन अभ्यासकाने विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या ग्रंथात यांचा परामर्श घेतला आहे. त्या संतांचा हेतू शुद्धच होता; दळता दळता नामस्मरण घडावे. मात्र त्यांनी अर्थ वरून जात्यात टाकला, जसा आपण घास टाकतो. बाईंच्या मोहात मी जे केले ते याहून निराळे नव्हते; फरक इतकाच की सूफींनी आपले गीत रचले आणि मी दुसरीच्या गीताचे पीठ केले.

याच सुमारास मला ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील अपालेचे सूक्त पुनः वाचावेसे वाटले. सूक्त एक्याण्णवावे. अपाला ही मुलगी पाण्यावर जात असता वाटेत तिला सोम सापडतो. तो ती घरी नेते आणि इंद्रासाठी स्वतःच्या दातांनी चावून त्याचा रस काढते. यज्ञ नाही, ऋत्विज नाहीत, सोम कुटण्याचे दगड नाहीत. इंद्र तो सोम पितो. मग ती काय मागते? मोक्ष मागत नाही, स्वर्ग मागत नाही. तीन ठिकाणी काही उगवावे असे मागते : बापाच्या टकलावर केस, बापाच्या शेतात पीक, आणि आपल्या स्वतःच्या देहावर रोम. इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जोखडाच्या छिद्रांतून ओढून काढतो, व तिची त्वचा सूर्यासारखी तेजस्वी होते. हे सूक्त मी विद्यार्थिदशेत वाचले होते, आणि सोमावरील शेकडो ऋचांच्या गर्दीत एक चमत्कारिक गोष्ट म्हणून सोडून दिले होते. वेदातसुद्धा जेव्हा बाई पेय सिद्ध करते तेव्हा ती बापाचे शेत आणि आपले अंग विसरत नाही, हे कळण्यास मला आमच्या ओसरीवरून फिरून यावे लागले.

याशिवाय एक प्रकार असा आहे की, ज्याला वरील कसोटी लागू पडत नाही. देवीच्या गाण्यांत, गोंधळात, कोठे कोठे मद्याचा उल्लेख येतो तो नैवेद्य म्हणून किंवा देवीचे पेय म्हणून. तेथे तक्रारही नाही, रूपकही नाही. आपली मंडळी तेथे नाक मुरडतात, किंवा ‘मधु म्हणजे मध’ असे म्हणून मार्ग काढतात. परंतु नवरात्रात आपल्याच घरी सप्तशतीचा पाठ होतो. तिच्या तिसऱ्या अध्यायात महिषासुराचा वध करण्यापूर्वी देवी मधुपान करते, आणि त्याने तिचे नेत्र आरक्त होतात, असे स्पष्ट आहे. मधाने डोळे लाल होत नाहीत. पाठ करताना आपण तेथे अडखळत नाही. मग गोंधळ्याच्या तोंडी तेच आले तर का अडखळावे?

आता हेही सांगितले पाहिजे की, जात्यावरच्या ओव्यांत सर्वांत अधिक पिणे आहे ते दारूचे नव्हे, पाण्याचे आणि दुधाचे. भाऊ उन्हातून येतो. बहीण त्याला तांब्या देते, दूध देते. घरात दूध नसेल तर ते लपविण्यासाठी तिची जी धडपड होते ती ओवीत येते. कोणी कोणाच्या घरचे पाणी प्यावे, यात आपल्या समाजाचे सारे नाते सामावलेले होते, आणि सारा दुरावाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्यानंतर भीमाच्या ओव्या जात्यावर येऊ लागल्या. मराठवाड्यात त्या विपुल आहेत. तेथे पाण्याचा घोट हा घोटच आहे. त्याला जीवनाचे किंवा अमृताचे रूपक म्हणून जो वाखाणील तो त्यातले मर्म घालवून बसेल. आमच्या घरी काकूंच्या अमदानीत अंगणातील माणसांना पाणी वरून, ओंजळीत, वाढीत असत. त्या तीन दिवसांत हळद दळणाऱ्या बाईंना पाणी ओंजळीत मिळाले की पेल्यात, हे आठवून पाहण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. आठवत नाही.

पुढच्या वर्षी त्या कामास आल्या नाहीत. काकूंनी निरोप धाडला तेव्हा, ऊसतोडीस गेल्या, असे कळले. काकूंनी त्या वर्षापासून बायकांची मजुरी स्वतः, स्वयंपाकघराच्या दाराशी, बाईच्याच ओट्यात घालण्याचा नियम केला, आणि मी देण्याघेण्याच्या हिशेबातून बाद झालो.

स्त्रीगीतांचे संग्रह आता पुष्कळ आहेत. साने गुरुजींचे ‘स्त्रीजीवन’ जुन्या घरांतून अजून असेल. आमच्या भागाचे ना. गो. नांदापूरकर यांनी ‘मऱ्हाठी स्त्री-रचित रामकथा’ सिद्ध केली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ या दोघांनी गावोगाव हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील गायिकाही आहेत, आणि ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून त्या आवाजासकट प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्या संग्रहाची एक गोष्ट मला विशेष वाटते : ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव दिलेले असते. 

ज्या वाचकभगिनींच्या घरी अजून एखादी आजी, मावशी अथवा कामास येणारी वृद्ध बाई ओवी म्हणणारी असेल त्यांनी ती अवश्य लिहून घ्यावी. शब्द कळला असे वाटले तरी एकदा विचारावे : हे झाड कोणते, हे भांडे किती शेराचे, हा दागिना आता कोठे आहे. अर्थ समासात पेन्सिलीने लिहावा.

माझी ती वही अद्याप आहे. मोहाच्या टिपेवर काट मारून बाजूला ‘मधूक’ असे लिहिलेले आहे, आणि त्याखाली वृत्ताविषयी चार ओळी आहेत. नातवाने परवा ती चाळली आणि विचारले, “आबा, या बाईंचं नाव काय होतं?” पाने मागेपुढे करून पाहिली. तारीख आहे, तिथी आहे, राग कोणता वाटला तेही लिहिले आहे. नाव मी लिहून घेतलेले नाही.